हलक्या वजनाचा हिसका

जिममध्ये त्याला सगळे रेडा म्हणत आणि त्याला ती पदवी वाटे. मान डोक्यापेक्षा रुंद, आवाज त्याहून रुंद. हलकी वजनं उचलणारा कुणी दिसला की हा हमखास विचारायचा, "काय रे, भाजीची पिशवी आणलीस का?"

त्याची थोरली बहीण व्यायामावर संशोधन करायची. जड वजन थोड्या वेळा उचललं आणि हलकं वजन पुष्कळ वेळा उचललं, तर रक्तातलं लॅक्टेट किती चढतं, हे ती मोजत होती. "स्नायूंना दम घ्यायला फुरसत मिळाली नाही की ते रक्तात साचतं," तिने जेवताना समजावलं.

"मग माझं मोज की! तुझं यंत्र फुटेल."

बहिणीच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी जड वजन. रेड्याने बार खांद्यावर घेऊन तीन-तीन बैठका मारल्या, मधे ऐसपैस बसला, आरशात स्वतःलाच डोळा मारला. घोडं अडलं ते सुईपाशी. कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त घ्यायचं म्हणताच गडी पांढराफटक.

"हा कान धरायची मला लहानपणापासून सवय आहे," म्हणत बहिणीने काम उरकलं. आकडा आला चार.

"फक्त चार? यंत्र बिघडलंय तुझं."

"यंत्र ठणठणीत आहे. तू दर वेळी मनसोक्त दम खाल्लास. पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या खेपेला बारला दोन चिमुकल्या चकत्या लावल्या होत्या. वीस-वीस बैठका, विश्रांती नावापुरती.

"ताई, हे आजीसाठी ठेव," तो म्हणाला.

पहिल्या फेरीत तो गाणं गुणगुणत होता. दुसरीत गाणं बंद पडलं. तिसरीत मांड्या पेटल्या, चौथीत त्याला देव आठवला, पाचवीत त्याने सख्ख्या बहिणीला शिव्या घातल्या आणि बार ठेवताच तोंडावर हात दाबून दाराकडे धावला. दारात बहिणीचे संशोधनातले गाइड उभे होते. सकाळचा नाश्ता त्यांच्या कोऱ्या करकरीत बुटांवर सांडला.

सर क्षणभर खाली बघत राहिले. मग म्हणाले, "वेळ चुकवू नका. रक्त घ्या."

रेडा फरशीवर उताणा पडला होता. सुई टोचली तेही त्याला कळलं नाही.

"तेरा," बहीण म्हणाली आणि ओल्या रुमालाने त्याचं तोंड पुसू लागली.

तिच्या या कामाला तो आजवर 'रक्त-रक्त खेळणं' म्हणायचा. आता त्याला उगाच ओशाळल्यासारखं झालं. "ताई, आईला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तू जिना उतरायला लागलास की तिला दिसेलच."

दोन दिवस तो भिंत धरून खुर्चीत बसत होता. तिसऱ्या दिवशी जिममधल्या तीन दांडगोबांना घेऊन प्रयोगशाळेत हजर!

"पोरखेळ आहे रे," तो त्यांना मधाळ आवाजात सांगत होता.

पहिला दांडगोबा कोलमडला, तेव्हा रेडाच त्याची पाठ चोळत बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.