हिरव्या रंगाखालचा मासा

मित्रांनो, परवा माझ्या बॉनेटवर चढून, दोन बोटं दाखवत फोटो काढलात ना? तोच मी, जुना ट्रक. गुलू शहराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या युद्धस्मारक बागेत, सिमेंटच्या ओट्यावर उभा असतो. इंजिनात पाली राहतात. समोर भाजक्या केळ्यांच्या टोपल्या आणि पलीकडे स्वच्छतागृह आहे, म्हणून गाड्या थांबतात. माझ्यासाठी कोण थांबतंय!

पण एकेकाळी काय थाट होता माझा! मुबिरूंनी मला घेतलं तेव्हा मी आकाशी निळा होतो. गावची कॉफी बाजारात मीच न्यायचो, लग्नाची वऱ्हाडंही मीच. मुबिरूंच्या कुळाचं देवक म्हणजे मांबा मासा. त्या कुळातलं कुणी तो मासा तोंडात घालत नाही, आणि कुळाचा माणूस कुठेही भेटला तरी तो घरचाच. माझ्या मागच्या फाळक्यावर त्यांनी लांबलचक पिवळा मांबा रंगवून घेतला होता. पोरं लांबूनच ओरडायची, "आपला मासा आला रे!" मी नुसता फुलून जायचो.

मग युद्ध आलं. सैनिकांनी मुबिरूंना खाली ओढलं आणि रस्त्याच्या कडेलाच मारलं. किल्ली त्यांच्या खिशातून काढून घेतली.

एका सकाळी सैनिक मला त्यांच्याच गावात घेऊन गेले. गाव रिकामं. चुली अजून गरम, माणसं दलदलीतल्या उंच लव्हाळ्यात लपलेली. सैनिकांनी मला मागे मागे घेत दलदलीच्या काठाला लावलं. फाळक्यावरचा मासा त्यांच्या लेखी नुसतं चित्र होतं. पण लव्हाळ्यातून एक नऊ वर्षांची मुलगी ताडकन उभी राहिली. नाबोसा तिचं नाव.

"आई, चल! आपला मासा आहे! मुबिरूकाका आलेत न्यायला!"

सगळी बाहेर आली. कुणाला ढकलावंही लागलं नाही, एकमेकांना हात देत तेवीस जण माझ्यात चढले. नाबोसाची चप्पल चिखलात रुतली म्हणून ती मागे वळली. तेवढ्यात केबिनमधून सैनिक उतरले आणि फाळका बंद झाला. ती चप्पल हातात घेऊन लव्हाळ्याआडच उभी राहिली.

मी त्यांना घेऊन गेलो. येताना रिकामा आलो.

युद्ध संपल्यावर कुणाला तरी मी गवतात सापडलो. मला हिरवा रंग फासला आणि पाटी लावली, 'या ट्रकने आपले शूर जवान वाहून नेले.' दरवर्षी नवा रंग. मी चकचकीत दिसतो म्हणून लोक कौतुकही करतात.

गेल्या शनिवारी लग्नाला निघालेली एक व्हॅन थांबली. चालवणारा कासुले केळी घ्यायला उतरला. त्याची आई मात्र तडक माझ्यामागे आली, गुडघ्यांवर बसली आणि व्हॅनच्या किल्लीने फाळका खरवडू लागली.

"आई, अगं नव्या झग्यात चिखलात काय बसलीस? स्वच्छतागृह तिकडे आहे!"

"तू केळी खा. मध्ये बोलू नकोस."

पहारेकरी धावला. "ओ बाई! सरकारी रंग आहे तो!"

"रंग सरकारी असेल. आत गेलेली आई माझी होती."

कासुलेच्या हातातलं केळं तसंच राहिलं. "आई, तू सांगतेस तो मासा... मामा तर म्हणतात, तुला भास झाला होता."

"चाळीस वर्षं म्हणतायत. ते आणि माझी आजी त्या दिवशी गावात नव्हते. मासाबिसा काही नव्हता, पोरीने उगाच हाक मारली आणि घर बुडवलं. आजीनं मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही."

ती खरवडत राहिली. आधी एक पिवळा ठिपका, मग डोळा, मग लांब शेपूट.

"होता," ती म्हणाली. "होता रे मासा." आणि तिने फाळक्याला कपाळ टेकवलं.

व्हॅनमधून कुणीतरी हॉर्न वाजवला, "लग्नाची फुलं सुकतील!" म्हणून चिडवलं. ती हलली नाही.

पहारेकऱ्याने काठी खाली ठेवली. हळूच म्हणाला, "सोमवारी रंगारी येणार आहे, बाई. माझ्या हातात काही नाही."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, रंगवा, चकचकीत ठेवा. माझं मागणं उलटं आहे. इथे केळी खायला थांबलात तर फोटो नंतर काढा, आधी माझ्यामागे या. पिवळा डोळा दिसला तर त्याच्याकडे नीट बघा. नाही दिसला, सगळं हिरवंगार असलं, तर खिशातून किल्ली काढा आणि खरवडा.