खांबाच्या पुढे

“मागे फिर म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. वर गेल्यावर तुझ्याशी भांडायला माझ्याकडे श्वास उरायचा नाही,” वॉटी म्हणाला आणि मेंढ्यांच्या कुंपणाचं फाटक धरून उभा राहिला.

“मी कुठे काय म्हणतेय? चाल मुकाट्यानं.”

“तोंड बघ आरशात. मयताला आल्यासारखं केलंयस.”

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. उतारावरचं नेचं तांबूस पडलं होतं आणि खालच्या दरीत माजावर आलेली नर हरणं घोगऱ्या आवाजात ओरडत होती. ऊन स्वच्छ, वारा नावाला. अशी हवा आमच्याकडे वर्षातून चार दिवस मिळते. एकतीस वर्षांपूर्वी मी आणि वॉटी हा चढ दोन तासांत चढलो होतो. आज साडेआठला गाडी सोडली होती आणि अकरा वाजले तरी फाटकापाशीच होतो.

वॉल्टर गेडिस. सगळं गाव त्याला वॉटीच म्हणतं. आमच्या बस डेपोत छत्तीस वर्षं तो बसच्या पोटाखाली पाठीवर पडून ब्रेक दुरुस्त करत होता आणि मी तिथल्याच कॅन्टीनमध्ये मटण भरलेले पॅटिस भाजत होते. पॅटिस रोज खायचा आणि रोज नावं ठेवायचा. ब्रेकची भुकटी तेव्हा पोरं हवेच्या पाइपनं उडवायची, एकमेकांच्या तोंडावर, हसत हसत. त्या भुकटीत काय होतं ते कुणाला माहीत? फेब्रुवारीत डॉक्टरनं सांगितलं, फुप्फुसं गेली, पुढचा हिवाळा निघेल असं वाटत नाही.

लग्न केलं नाही त्यानं. रविवारी डोंगर, बस्स. आमच्या देशात तीन हजार फुटांवरच्या दोनशे ब्याऐंशी शिखरांची यादी आहे. ती पुरी करायला काही जण सात वर्षं घेतात, काही जण सात जन्म. वॉटीनं ती अकरा वर्षांपूर्वी पुरी केली. शेवटच्या शिखरावर मीच केक नेला होता, वर साखरेनं आकडा काढून. गिर्यारोहकांच्या क्लबच्या पुस्तकात त्याचं नाव लागलं. शाळेत कधी बक्षीस न मिळालेला माणूस, ते पान उघडून लोकांना दाखवत फिरायचा.

मग या मार्चमध्ये, अंथरुणात पडल्या पडल्या, त्यानं डोंगरवाटांचं जुनं पुस्तक चाळायला घेतलं आणि मला फोन केला.

“एफी, आपण चुकलो गं! बेन अर्दाख! तो मोजणीवाल्यांचा सिमेंटचा खांब आहे ना, तो शिखरावर नाहीच. खरं शिखर पुढे, खिंडीपलीकडे. बारा मीटरनं उंच. आपण धुक्यात खांबाला हात लावून परतलो!”

आपण. असं म्हणाला तो.

दुसऱ्याच दिवशी त्यानं क्लबला पत्र लिहिलं, माझं नाव काढा म्हणून. मी म्हटलं, अरे वेड्या, बारा मीटरचं काय घेऊन बसलायस! तर म्हणाला, “नाही केलं म्हणजे नाही केलं.” उन्हाळा दवाखान्यात गेला. सप्टेंबरात घरी आल्यावर एकच हट्ट, मला अर्दाखला ने. नेते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दीड वाजता आम्ही खांबापाशी पोहोचलो. वॉटीनं खांबाला टेकून डोळे मिटले. मग उघडले आणि पुढे बघितलं. खिंड खाली उतरत होती आणि पलीकडे खरं शिखर लख्ख दिसत होतं, माथ्यावरच्या दगडांच्या राशीसकट.

“किती वेळ?”

“अर्धा तास.”

“तुला. मला?”

तो खिंडीकडे निघाला. मी मागोमाग. चाळीसेक पावलं उतरला आणि गवतात बसला. ओठ निळे पडले होते. छाती घरघरत होती. थर्मासमधला चहा कपात ओतून दिला.

“जाऊ दे,” शेवटी तो म्हणाला. “धुकं होतं. नशीब म्हणायचं. तू नको वाईट वाटून घेऊ. कुणाची चूक नव्हती.”

तो माझी समजूत घालत होता! माझ्यानं राहवलं नाही.

“वॉटी, मला ठाऊक होतं.”

“काय?”

“त्या दिवशी. आदल्या रात्री मी पुस्तकात वाचलं होतं, खांब म्हणजे शिखर नाही. पण बूट चावत होते रे. पाय सोलवटले होते. खाली जाऊन गरम सूप प्यावं, एवढंच डोक्यात होतं. आणि तू खांबाला हात लावून असा काही खूश झालास… मग सांगायचं राहिलं. मग राहतच गेलं.”

त्याला थट्टा वाटली. हसू लागला. मग माझ्याकडे नीट बघितलं.

“अजून काय?”

हेही सांगायला हवंच होतं. “मी नंतर खऱ्या शिखरावर जाऊन आले. पुढच्या जूनमध्ये. एकटी. चैन पडेना म्हणून.”

त्यानं अर्धा राहिलेला कप गवतात ठेवला. ओरडायचं होतं त्याला, चेहरा तसाच झाला होता, पण ओरडायला छातीत हवा लागते.

“एकतीस वर्षं,” तो म्हणाला. “आलो असतो गं मी. कुठल्याही रविवारी आलो असतो.”

मला रडू फुटलं. म्हातारी बाई, नाक गळतंय, रुमाल सापडत नाही.

“रडू नकोस,” तो म्हणाला. “माझ्याकडे तेवढा वेळ नाही.”

आणि उठला.

उतरताना त्यानं आपली पिशवी मला घेऊ दिली नाही. काठीवर भार देत पुढे चालला, मी मागे. दोनदा हाक मारली, वळून बघितलं नाही. चारच्या सुमारास खालून एक मुलगी पळत वर येताना दिसली. अर्धी चड्डी, पाठीला इवलीशी पिशवी, गाल लालबुंद. डोंगरावर सगळे विचारतात तसं तिनंही विचारलं, “काय, वर जाऊन आलात?”

“ही आलीये,” वॉटी म्हणाला. “मी नाही.”

कसनुसं हसून ती निघाली, तेवढ्यात वॉटीनं हात वर केला. थांब. पोरगी थांबली, जागच्या जागी उड्या मारत. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. श्वास यायला बराच वेळ लागला, पण तिला त्यानं जाऊ दिलं नाही.

“पोरी… खांबापाशी थांबू नकोस. खरं शिखर पुढे आहे. खिंड उतरून.”

“अगंबाई! बरं झालं सांगितलंत. मी तर तिथूनच फिरले असते!”

ती पळत वर गेलीसुद्धा. एवढंच तर सांगायचं होतं. धडधाकट होते मी तेव्हा, छाती भरून वारा होता, आणि माझ्यानं तेवढं सांगवलं नव्हतं. मी पुढे होऊन हात दिला. वॉटीनं हाताकडे बघितलं, काठी सरळ केली आणि एकटाच खाली उतरू लागला.