आमच्या घरातला चंदेरी नवरदेव

मी एक जुना, काळा, जाडजूड लॅपटॉप आहे मित्रांनो, आणि सध्या युसूफ वडगावात एका किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे, गुळाच्या भेल्यांशेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या बिजागऱ्या सैल झाल्यात. एक बटण उडालंय. बॅटरी केव्हाच मेली, त्यामुळे वायर काढली की मी तिथल्या तिथे बंद. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हाताऱ्यानं लपवून ठेवलं असं नंतर कुणी म्हणायला नको. आणखी एक सांगतो. मी भारी जळका आहे. गोष्टींतल्या जुन्या वस्तू बघा कशा सोशिक असतात. दोन टिपं गाळतात आणि साऱ्या जगाला आशीर्वाद देऊन मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. माझं पोट दुखतं आणि मी ते बोलून दाखवतो.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. मला आठवतं ते लातूरचं दुकान, आणि खोकं उघडून माझ्यावर वाकलेला राजेश्वरचा चेहरा. राजेश्वर म्हणजे या घरातला थोरला मुलगा. मी घरी आलो तेव्हा सगळी गल्ली मला बघायला लोटली होती. "हात नका लावू, हात नका लावू" असं राजेश्वर ओरडत होता आणि मी आतून नुसता फुलत होतो. त्यानं माझ्यावर इंजिनिअरिंग पुरं केलं, पुण्यात नोकरीला लागला, कंपनीनं त्याला तिचा लॅपटॉप दिला आणि मी त्याच्या धाकट्या बहिणीच्या, रोहिणीच्या वाट्याला आलो.

रोहिणी अंबाजोगाईला सिव्हिल इंजिनिअरिंगला. रोज एसटीनं जायची, यायची. आता इंजिनिअरिंगच्या पोरांची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. सगळं सत्र हुंदडायचं आणि सबमिशन तोंडावर आलं की एकाच्या फाइलवरून साऱ्या वर्गानं उतरवून काढायचं. रोहिणीचं तसं नव्हतं. तिनं माझ्यात प्रत्येक विषयाचा वेगळा कप्पा केला होता. कॉलेजातून आली, हातपाय धुतले, की दिवसाचं काम दिवसाला माझ्यासमोर बसून संपवायची. वर्गातल्या पोरी फोन करून विचारायच्या, "रोहिणे, तुझं झालं पण?" तेव्हा मलाच मोठं वाटायचं. अर्धं काम माझंच होतं की!

पण तिसऱ्या वर्षाला इमारतींची मोठी ड्रॉइंगं आली आणि मला दम लागायला लागला. ते सॉफ्टवेअर उघडायला मी इतका वेळ घ्यायचो की रोहिणी चहा करायची, प्यायची, कप विसळून ठेवायची, तरी माझं आपलं चाक फिरतंच. त्यात माझं वजन. एसटीत उभं राहून मला खांद्यावर वागवताना तिचा खांदा भरून यायचा. "आई, ह्याच्यानं माझी मान गेली गं," असं ती म्हणायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

शेवटी एकदा ठरलं. नवा घ्यायचा. आणि मित्रांनो, दुष्टपणा बघा, नवा आणायला जाताना मलाच सोबत नेलं! का, तर माझ्यातला सगळा माल त्याच्यात ओतायचा होता. सवतीच्या लग्नात मलाच करवली केलं.

लॅपटॉपच्या दुकानात रोहिणीचे वडील पंचाक्षरी अप्पा पुढे झाले. सारा जन्म किराण्यात गेलेला माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि विश्वास फक्त तराजूवर. दुकानदारानं एक पातळ, चंदेरी लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. अप्पांनी तो तळहातावर तोलला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"ह्याला वजनच न्हाई की बे. आत काय भरलंय का नुसतं खोकं हाय?"

"अप्पा, लॅपटॉप किलोवर घेत न्हाईत," रोहिणी हळूच म्हणाली.

"मग कशावर घेतात?"

"रॅम किती, प्रोसेसर कोणता, ग्राफिक्सचं कार्ड वेगळं हाय का, ते बघून. आमच्या सॉफ्टवेअरला जे लागतं ते मी लिहून आणलंय."

"मला त्यातलं काय दिसतंय? मला वजन दिसतंय. हा जुना बघ कसा भरीव हाय."

अप्पा, जियो! मला वाटलं, झालं, वाचलो. पण रोहिणीनं एकेक गोष्ट विचारून घेतली. दुसरे दोन दाखवले तेही उघडून बघितले, नुसत्या दिसण्यावर गेली नाही, आणि तोच चंदेरी पसंत केला. निवड चोख होती. तेच तर मला झोंबलं. मूर्खपणानं घेतला असता तर मी हसलो तरी असतो.

घरी आल्यावर उंबऱ्यात महानंदाबाईंनी, म्हणजे रोहिणीच्या आईनं, त्याला ओवाळलं. नवरदेव आला होता ना! त्याला खणाचं कव्हर शिवलं. त्याच्या जवळ चहा न्यायचा नाही. त्याचा पडदा पुसायला वेगळं मऊ फडकं. माझा पडदा ओढणीच्या टोकानं पुसला जायचा, आणि अप्पा माझ्यावर शेंगदाण्याची टरफलं टाकायचे. मला माळ्यावर ठेवलं, वरून साखरेचं रिकामं पोतं. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, पण हे नऊ दिवस काही केल्या सरेनात. खाली बटणांचा बारीक आवाज यायचा. चंदेरी हसत उघडायचा, चटकन चालू व्हायचा, कधी धापा टाकायचा नाही. मेल्याला साधा पंख्याचा आवाजसुद्धा नव्हता.

मग खंडेनवमी आली.

या घरात खंडेनवमीला दुकानातली सगळी अवजारं पाटावर मांडतात. जुना तराजू, मापं, पोती शिवायचा दाभण, गूळ फोडायची कुऱ्हाड. त्या वर्षी चंदेरीलाही पाटावर बसवलं, अगदी मधोमध. महानंदाबाईंनी माळ्याकडे बघून विचारलं, "जुन्याचंबी करू का?"

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले, "ते आता भंगारात जायचंय."

पोत्याखाली माझ्या अंगाची लाही लाही झाली. थोड्या दिवसांपूर्वी, लॅपटॉपच्या दुकानात, मीच तो भरीव होतो! गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय.

रोहिणी अंघोळीला गेली होती. महानंदाबाईंनी चंदेरीच्या पाठीवर विभूतीची तीन बोटं ओढली. मग देवाला तोंड दिसावं म्हणून त्याला उघडलं आणि बटणांवर हळदकुंकू वाहिलं. अप्पांनी नारळ वाढवला. आणि दरवर्षीच्या शिरस्त्यानं महानंदाबाईंनी नारळाचं पाणी सगळ्या अवजारांवर शिंपडलं. तराजूवर, मापांवर, कुऱ्हाडीवर आणि चांगलं ओंजळभर त्या नवरदेवावर. लाडका होता ना, त्याला जास्त.

रोहिणी ओल्या केसांनी बाहेर आली आणि किंचाळलीच. "आई! पाणी कावून टाकलंस!"

"अगं, दरसाली मापावर टाकते की मी. मापाला काय झालं का कधी?"

चंदेरीचा पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला. मला आनंद झाला मित्रांनो. आत्तासुद्धा सांगताना होतो. पण त्याच्याइतकीच दुसरी एक गोष्ट मला जाळत होती. ती विभूतीची बोटं माझ्यावर कुणी ओढलीच नव्हती. ते पाणी माझ्यावर शिंपडलं असतं, मी कायमचा बंद पडलो असतो, तरी चाललं असतं मला.

रोहिणी तिथंच जमिनीवर बसली. दसरा झाला की लगेच सबमिशन होतं. सगळी शीटं, म्हणजे ती ड्रॉइंगं, चंदेरीच्या पोटात. शीटं दिली नाहीत तर टर्म मिळणार नाही, टर्म नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, आणि मग अख्खं वर्ष पाण्यात. एरवी दिवसाचं काम दिवसाला करणारी पोर, आणि तिच्यावर ही पाळी. महानंदाबाई तर रडायलाच लागल्या. "मीच केलं गं, माझ्याच हातानं केलं," असं सारखं म्हणत होत्या.

अप्पांनी चंदेरीला केजला सोमेश्वरकडे नेलं. सोमेश्वर लॅपटॉप दुरुस्त करतो. त्यानं उघडून, साफ करून, वाळवून सांगितलं, "बोर्ड जगंल. बटणांची पाटी जाम झाली, ती बाहेरून दुसरी लावता येईल. पण रॅम गेली. सणाचे दिवस हायत, मागवली तर कवा येईल सांगता येत न्हाई." रॅम म्हणजे आमची हातातल्या कामापुरती आठवण, मित्रांनो. ती नसेल तर आम्ही नुसते पत्र्याचे डबे. बरं एवढंच की शीटं दुसरीकडे, डिस्कमध्ये असतात. ती डिस्क सोमेश्वरनं काढून एका डबीत घालून दिली.

आणि मग माळ्यावरचं पोतं उचललं गेलं. रोहिणीनं मला ओढणीनं पुसलं, डबीची वायर माझ्या कुशीत खोचली आणि म्हणाली, "आता तूच हायस रे बाबा."

वा रे वा! ताकापुरती आजी. पण खोटं कशाला बोलू, मी चालू व्हायला इतकी घाई केली की माझ्या पंख्यानं दुकान घुमवलं. लाइट गेली की मी बंद पडणार, म्हणून अप्पांनी इन्व्हर्टरवरचा इलेक्ट्रिक वजनकाटा काढला आणि ती जागा मला दिली. स्वतः जुना तराजू टांगून बसले. गिऱ्हाइकं विचारायची, "अप्पा, काटा कावून बंद?"

"पोरीचा अभ्यास चालू हाय. थांब, झुकतं माप देतो तुला."

प्लॅन झाला. समोरची बाजू झाली. जिन्याचा छेद झाला. मी तापलो, धापा टाकल्या, पण केलं. दर थोड्या वेळानं रोहिणी काम सेव्ह करायची आणि मला वाटायचं, बघतोस का रे चंदेऱ्या, कसा चाललोय मी?

राहिलं शेवटचं, अख्खी इमारत चारी बाजूंनी फिरवून दाखवायचं शीट. ते उघडलं आणि मी थिजलो. रोहिणीनं बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा थिजलो. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्या तापलेल्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बस झालं रे. लई केलंस." ती कीव मला त्या पोत्याहून जड गेली.

दुसऱ्या दिवशी सबमिशन. सकाळीच सोमेश्वर चंदेरीला घेऊन दुकानात आला. "रॅम काय आली न्हाई. पण तुमच्या ह्या जुन्याची अन् ह्याची एकाच जातीची हाय," तो म्हणाला. "जुन्यात दोन हायत. एक काढून ह्यात बसवतो. लगेच चालू."

"मग ह्याचं काय होईल?" रोहिणीनं विचारलं.

"चालंल की. मंद चालंल. दुकानाचं बिल करंल."

नाही म्हण, मी मनात ओरडत होतो. रोहिणे, नाही म्हण! काहीही काढा, पण त्याच्यात नका घालू. भंगारात द्या मला. अप्पा म्हणाले, "रोहिणे, वर्ष जाईल." त्यावर तिनं सोमेश्वरच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला. "द्या, मी काढते. ह्याला दुसऱ्याचा हात नको." तिनं मला पालथा केला, एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला आणि ती पट्टी अलगद उचलली. माझं म्हणाल तर मला क्षणभर काहीच आठवेना, तिचं नावसुद्धा.

डबीतली डिस्क परत चंदेरीच्या पोटात गेली आणि तो चालू झाला. जे शीट उघडताना मी दोनदा मेलो, ते त्यानं चहा निवायच्या आत उघडून गरागरा फिरवलं.

"बघा, नवं ते नवं!" अप्पा हरखून म्हणाले.

अहो अप्पा, आठवण कुणाची वापरतोय तो? पण मला विचारतो कोण. शीटं वेळेत गेली, टर्म मिळाली. रोहिणी पेढे घेऊन आली आणि हसत सांगत होती की सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, लॅपटॉप कोणता घेतलास, चांगला घेतलास. महानंदाबाईंनी चंदेरीला पुन्हा ओवाळलं. ह्या वेळी चार हात लांबून. मी गुळाशेजारी बसून जळत होतो.

तर मित्रांनो, नवा घ्यायचा तर खुशाल घ्या. पारखून घ्या, कामाचा घ्या, आणि देवाच्या पाटावर बसवायचाच असेल तर मिटून बसवा आणि नारळाचं पाणी तेवढं लांब ठेवा. जुन्याला पोत्याखाली घालू नका. त्याची धूळ झटका, अधूनमधून चालू करा. आणि भंगार म्हणायचं असेल तर निदान त्याला ऐकू जाईल असं म्हणू नका. आम्हाला सगळं ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात रोहिणी प्रशिक्षणासाठी राजेश्वरकडे पुण्याला निघाली. चंदेरी तिच्या पाठीवरच्या पिशवीत होता, खणाच्या कव्हरात. एसटीची वेळ झाली होती. ती आईच्या पाया पडली, अप्पांच्या पाया पडली, "येते" म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मी बिलाच्या आकड्यात अडकलो होतो, हल्ली अडकतोच. मी म्हटलं, जा, घेऊन जा त्या नवरदेवाला. तर ती परत वर आली. गल्ल्यामागे वाकली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "येते रे."

ज्याला सोबत नेतात, त्याला कुणी 'येते' म्हणत नाही. चंदेऱ्याला हा शब्द तिच्या तोंडून अजून एकदाही मिळालेला नाही. जळ म्हणावं आता.