फिरकीचं वेगळं बिऱ्हाड

फिरकीला अठरा वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी तिने नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं, की आता ती वेगळी राहणार.

"वेगळी म्हणजे नक्की कुठे?" आईने विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्यांचं घर म्हणजे धुलाईचं जहाज आणि जहाजाच्या चारी बाजूंना नुसतं अंतराळ. सगळ्यात जवळचं स्थानक दोन दिवसांच्या वाटेवर. सात स्थानकांवरचे कपडे आणायचे, धुवायचे आणि परत पोचवायचे, हा या कुटुंबाचा धंदा. आई कप्तान. बाबांकडे यंत्रं. बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, गेली तीस वर्षं घड्या आणि इस्त्री सांभाळत होती. धुतलेली चादर वाळवायला बाहेरची झडप उघडली की पाणी क्षणात उडून जायचं, पण चादर पुठ्ठ्यासारखी कडक व्हायची. ती मऊ करायची, दाबायची आणि वजनच नसलेल्या हवेत शिडासारखी फुगत असताना तिची घडी घालायची, हे काम आत्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. फिरकीकडे चिठ्ठ्या वाचून कपडे वेगळे करायचं काम होतं. दुसऱ्यांच्या मोज्यांबद्दल तिला नको तितकी माहिती होती.

फिरकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तीन वर्षांची असताना तिने हातातला कठडा सोडला आणि खोलीच्या मधोमध पाव तास गोल गोल फिरत राहिली. शेवटी बाबांनी तिला चादरीत पकडलं. तेव्हापासून ती फिरकी.

तिची झोपायची जागा वाफेच्या नळाच्या आणि आत्याच्या मधे होती. दार नव्हतं, पडदा होता. पडद्यावर टकटक करता येत नाही म्हणून आई तोंडानेच "टकटक" म्हणायची, आणि म्हणेपर्यंत आत आलेली असायची.

"लाइफबोट घेऊन जाणार," फिरकी म्हणाली. "मोठ्या स्थानकावर. वैमानिक शाळेची परीक्षा मी पास झालेय, तुम्हाला माहीत आहे. वीस तारखेला हजर व्हायचंय."

बाबांनी तोंडातला चमचा तोंडातच ठेवला.

"लाइफबोट कशाला?" ते चमच्यासकट म्हणाले. "पुढच्या महिन्यात आपण तिकडे जाणारच आहोत. सगळे मिळून सोडू तुला. थोडा उशीर झाला तर झाला."

"सगळे मिळून नको!" फिरकी ओरडली. "अठरा वर्षं सगळे मिळूनच चाललंय!"

आत्याने सूपची पिशवी हळूच बाजूला ठेवली. आता आईचा पारा चढणार, असं सगळ्यांनाच वाटलं. आईने लेकीकडे बराच वेळ पाहिलं आणि ती म्हणाली, "जा."

फिरकीने पुढचं अर्ध्या तासाचं भांडण पाठ करून ठेवलं होतं. ते सगळं फुकट गेलं.

दुपारी ती जहाजाच्या कुशीला टांगलेल्या होडीत शिरली. रेडिओवरून तिने छोटंसं भाषण केलं. त्यात 'स्वातंत्र्य' हा शब्द चारदा आला. मग तिने कडी सोडली. सुटताना बसलेल्या हिसक्याने होडी जहाजापासून दूर सरकू लागली. फिरकीने इंजिनाचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. बटणाने 'टुक' केलं, इंजिनाने तेही केलं नाही. घाबरून तिने ब्रेकसाठी होडीला लावलेल्या, हातात मावेल एवढ्या हवेच्या नळकांडीने ब्रेक मारला, आणि होडी थांबली. नळकांडी संपली.

होडी जहाजापासून चौदा मीटरवर उभी होती, बरोब्बर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

दोघांचा वेग एक, वाट एक. त्यामुळे कुणी काही केलं नाही तर ती दोघं अशीच समोरासमोर जन्मभर प्रवास करू शकली असती.

खिडकीत आई भांडी पुसत होती. तिने एक थाळी पुसली, दुसरी पुसली, मग रेडिओ उचलला.

"निघालीस ना?"

"निघालेच आहे."

"दिसतेयस अजून."

"शेजार कसा आहे ते बघतेय," फिरकी म्हणाली आणि तिने रेडिओ बंद केला.

पहिला दिवस तिने मोठ्या दिमाखात काढला. कोरडी बिस्किटं खाल्ली, हवं तेव्हा झोपली, हवं तेव्हा उठली, मोठ्याने गाणी म्हटली. अडचण एकच होती. मान वळवली की घर दिसायचं. आत्या खिडकीत चादर धरून उभी राहायची, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: 'सूप गरम आहे.' थोड्या वेळाने दुसरी चादर: 'मी काही बोलावत नाहीये. नुसतं सांगतेय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गस्तीचं जहाज आलं. त्यातल्या निरीक्षकाचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता.

"कप्तान, तुमच्या बाजूला एक वस्तू तरंगतेय. तुमची आहे का?"

"नाही," आई म्हणाली. "ती स्वतंत्र आहे. तिलाच विचारा."

नोकरीत त्याला असं उत्तर कधी मिळालं नसावं. त्याने फिरकीला विचारलं, "आपण कोण? इथे काय करताय?"

"राहते," फिरकी म्हणाली.

"किती दिवस?"

"ठरलेलं नाही."

"बाई, जहाजापासून पन्नास मीटरच्या आत इंजिन बंद ठेवून काहीही तरंगत असेल तर आमच्या वहीत ते भंगार असतं. उद्या दुपारी भंगारवाली गाडी येईल. तोवर हललात तर ठीक, नाहीतर ओढून नेतील."

"ती भंगार नाहीये!" रेडिओवर मधेच आई कडाडली. "नीट बोला! अठरा वर्षांची मुलगी आहे ती!"

निरीक्षक नाक ओढत निघून गेला.

आता मात्र फिरकीला हलणं भाग होतं. तिने पाना घेतला आणि इंजिनासमोरची पत्र्याची झाकणं उघडली. पहिल्या झाकणामागे पंप असायला हवा होता. तिथे एक भोक होतं, आणि भोकात कपड्यांना लावायची चिठ्ठी होती. तिच्यावर बाबांचं अक्षर: 'पंप धुलाईसाठी घेतला. परत ठेवणे.' तारीख नऊ वर्षांपूर्वीची. दुसऱ्या झाकणामागे: 'ठिणगीचं यंत्र इस्त्रीला लावलं. परत ठेवणे.' तिसऱ्याची तर गंमतच: 'स्क्रू. कशाला घेतले आठवत नाही.'

तिने रेडिओ उचलला.

"बाबा."

"हळू बोल," बाबा कुजबुजले. "आई ऐकेल."

"आई ऐकतेय," आई म्हणाली.

मग आईने रेडिओ बंद केला, आणि पुढे जे झालं ते फिरकीला चौदा मीटरवरून नुसतं दिसलं, पण ऐकल्यासारखंच वाटलं. आईचे हात वर, बाबांचे खांदे खाली. शेवटी कुणाचा तरी धक्का लागून रेडिओ परत चालू झाला.

"नऊ वर्षं आपण लाइफबोटीशिवाय हिंडतोय?" आई विचारत होती.

"होती की लाइफबोट," बाबा म्हणाले. "फक्त चालत नव्हती."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू रागावशील असं वाटलं."

"बरोबर वाटलं!"

मग आईचा आवाज आला, खाली उतरलेला. "पंप काढा. इस्त्रीचंही काढा. जे जे तिथलं आहे ते सगळं तिथे लावून द्या."

"अगं, पण अडीचशे चादरी ड्रममध्ये ओल्या आहेत. धुलाईच बंद पडेल."

"पडू दे. पोरगी निघालीय."

फिरकीने काचेला नाक लावलं. तिला एकदम खूप काही म्हणावंसं वाटलं, पण भाषणातले सगळे शब्द तिने कालच वापरून टाकले होते.

बाबा अंतराळपोशाख घालून दोरी बांधून आले. एका खेपेत पंप, दुसऱ्या खेपेत ठिणगीचं यंत्र, तिसऱ्या खेपेत आत्याने दिलेलं कपड्यांचं मोठं हवाबंद पिंप. पिंपाला वजन नव्हतं, पण एकदा सरकू लागलं की थांबता थांबेना. त्याला आवरताना बाबांना घाम फुटला.

"एवढ्या चादरी कशाला पाठवते ही ताई?" ते धापा टाकत म्हणाले. "शाळेत झोपायला जातेयस की शिकायला?"

इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. बाबांनी लेकीला हेल्मेटसकट मिठी मारली. दोन हेल्मेट्स आपटली, आणि बाबा काहीतरी म्हणाले ते ऐकूच आलं नाही. खिडकीतून आईने हात हलवला. आत्या दिसली नाही.

"वन्सं रुसल्यात बहुतेक," आई रेडिओवर म्हणाली. "पडदा ओढून पडल्यात. तू नीघ, मी समजावते त्यांना."

फिरकी निघाली. जहाज हळूहळू बिस्किटाएवढं झालं, मग दाण्याएवढं, मग दिसेनासं झालं. पहिला तास तिने आनंदाने आरोळ्या ठोकल्या. दुसऱ्या तासात थोडं रडून घेतलं. तिसरा तास लागला तेव्हा पिंप शिंकलं.

फिरकीने हातातला पाना घट्ट धरला. पिंपाचं झाकण फिरलं, आणि आतून जुना अंतराळपोशाख घातलेली, चादरींत गुंडाळलेली आत्या बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा लाल.

"किती हळू चालवतेस गं," ती म्हणाली. "माझा पाय झोपला."

"आत्या! तू इथे काय करतेयस?"

"तू काय करतेयस तेच. पळून चाललेय."

"मी पळून नाही चालले, मी सांगून निघालेय!"

"तुला विचारणारं कुणीतरी होतं. मला बावन्न वर्षांत कुणी विचारलंय, तुला कुठे जायचंय का म्हणून? बाविसाव्या वर्षी भावाला मदत म्हणून महिनाभर आले होते मी." आत्याने नाक पुसलं. "महिना लांबला."

वळून आत्याला परत न्यावं तर इंधन पुरणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फिरकीला न्यायचंही नव्हतं. तिने रेडिओ लावला.

"आई, आत्या कुठे आहे?"

"झोपल्यात अजून. मघाशी पडद्याबाहेर सूप ठेवून आले."

आत्याने रेडिओ ओढून घेतला. "वहिनी, मी होडीत आहे. मी चाललेय."

"वन्सं," आई म्हणाली, "इस्त्री गेली, आता तुम्हीपण?"

"इस्त्री होडीत आहे, तर इस्त्रीवालीने जहाजात बसून काय करायचं?"

आईला हसू फुटलं. मागून बाबांचा आवाज आला, "ताई, निदान मला तरी सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू दोन तास रडला असतास. आता रड, माझी काही हरकत नाही."

बाबांनी खरोखरच ते मनावर घेतलं.

पुढचे दोन दिवस आत्याने होडी डोक्यावर घेतली. सगळी बटणं कशाची ते विचारलं, त्यातली दोन दाबली, आणि एकही चादर घडी न घालता हवेत मोकळी सोडून दिली. फिरकीला चादरी बाजूला सारत समोर बघावं लागत होतं.

मोठ्या स्थानकाच्या धक्क्यावर उतरल्यावर फिरकीने आत्याची पिशवी उचलली. आत्याने ती परत घेतली.

"तू तुझ्या शाळेत जा. माझ्या मागे मागे यायचं नाही."

"पण राहणार कुठे? तुला इथलं काही माहीत नाही. गर्दी आहे. आणि अंगाला वजन आहे इथे, पडशील!"

"पडले तर उठेन," आत्या म्हणाली, आणि कठड्याला धरत, बदकासारखी डुलत डुलत गर्दीत शिरली. फिरकी तिथेच पाय रोवून उभी राहिली. तिला भयंकर अपमान झाल्यासारखं वाटलं.

आत्याला आठवड्याच्या आत भाजीच्या बोगद्यात काम मिळालं, टोमॅटो तोडायचं. बरोबर राहायला मैत्रिणीही मिळाल्या. धुलाईच्या जहाजाला पुढच्या थांब्यावर नवा पंप बसला. इस्त्रीचं नवं यंत्र मात्र दीड महिना आलंच नाही. सातही स्थानकांवर चुरगळलेल्या चादरी गेल्या आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही. ही गोष्ट आत्याला कळू द्यायची नाही, असं आईने फिरकीला बजावून ठेवलं.

दर मंगळवारी दोघींनी उपाहारगृहात एकत्र जेवायचं, असं ठरलं होतं. पहिले चार मंगळवार आत्या आली. पाचव्या मंगळवारी फिरकीने दोन वाट्या सूप मागवलं आणि वाट बघत बसली. पाऊण तास झाला. आत्या टोमॅटोवाल्या बायकांबरोबर नाच शिकायला गेल्याचं वाढणाऱ्या माणसाने सांगितलं. निरोप नाही, काही नाही. फिरकीने तणतणत घरी रेडिओ लावला.

"आई, तू बोल तिच्याशी! न सांगता कुठेही जाते. काळजी वाटते की नाही माणसाला?"

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "मोठ्या झाल्यात त्या आता."

फिरकीने दोन्ही वाट्या एकटीनेच संपवल्या.