दहा दिवसांचं कुत्रं

लंकाबाईने भाकरीचा तुकडा काठीच्या टोकाने पुढे सरकवला. कुत्र्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. तिने दुसरा तुकडा दुधात बुडवून टाकला, तर त्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या पायांवर हनुवटी टेकून ते पडून राहिलं.

"खाय ना रे मुडद्या," ती म्हणाली. शिवी देतानाही तिच्या आवाजात जोर नव्हता.

मागच्या सोमवारी हेच कुत्रं तिच्या परसातल्या खुराड्यात शिरलं होतं. लंकाबाई नळावरून धावत येईपर्यंत त्याने तीन कोंबड्या आणि कोंबडा लोळवला होता, आणि चौथी, चितकबरी, त्याच्या जबड्यात फडफडत होती. शहाण्या माणसाने काठी शोधली असती. लंकाबाईने खुराड्यात सरळ हात घातला. कोंबडी सुटली, पण दात तिच्या मनगटात रुतले. ती चितकबरी दिंडोरीहून, तिच्या आईच्या खुराड्यातून आलेली होती. आई गेली, भावांनी घर पाडून नवं बांधलं, आणि माहेरचं म्हणावं असं या कोंबडीखेरीज तिच्याकडे काही राहिलं नव्हतं.

शेजारच्या बाप्यांनी दोरीचा फास टाकून कुत्रं धरलं आणि दगड उचलले. तेव्हा रक्ताळलेला हात तसाच घेऊन ती मध्ये उभी राहिली.

"मारू नका! दवाखान्यात पयलं हेच इचारतात, कुत्रं कुठंय म्हनून."

तिला हे ठाऊक होतं, कारण शेजारच्या धोंडाबाईच्या दिराला चावलेलं कुत्रं लोकांनी तिथल्या तिथे संपवलं होतं. मग ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कळायला मार्ग उरला नाही आणि बिचाऱ्याला चौदाच्या चौदा सुया पोटात घ्याव्या लागल्या. लंकाबाईला डॉक्टरांनी तेच सांगितलं. सुया आजपासून सुरू. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढच्या बंद. त्याने खाणंपिणं सोडलं, तर मात्र लगेच येऊन सांगायचं.

म्हणून कुत्रं तिच्याच परसात, लिंबाच्या खोडाला बांधलेलं होतं. रोज सकाळी बसने नाशकात जायचं, पोटात सुई घ्यायची, सातपूरला परत यायचं आणि ज्याने आपलं खुराडं रिकामं केलं त्यालाच जेवू घालायचं. पोटावर जागोजाग गाठी आल्या होत्या. लुगड्याची गाठ मारायची म्हटलं तरी जीव जायचा.

"चोराला पावनचार चाललाय," धोंडाबाई कुंपणापलीकडून म्हणाली होती.

नवरा मल्हारी कुत्र्याबद्दल काहीच म्हणाला नव्हता. पहिल्या दिवशी कारखान्यातून आला, पट्टी पाहिली आणि ओरडला, "कोंबडीपायी जीव द्यायला निघाली व्हय?" त्यानंतर तो तिच्याशी धड बोललाच नव्हता. पहाटे ती नळावर असतानाच डबा घेऊन पहिल्या पाळीला जायचा, साडेतीनला यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. आपण मेलो तरी या माणसाचं काही अडणार नाही, असं लंकाबाईला आताशा वाटायला लागलं होतं.

कालपर्यंत कुत्रं थोडंफार तरी खात होतं. आज सकाळपासून त्याने कशालाच तोंड लावलं नव्हतं. लंकाबाईने थाळी पुढे सारली, पाणी हलवून दाखवलं. डोक्यात एकच विचार होता. हे पिसाळलंय, आणि याच्यामागून आपण.

ती उठली. चितकबरी उकिरडा उकरत होती. मानेची जखम हळदीने भरली होती आणि परवापासून ती पुन्हा अंडी द्यायला लागली होती. लंकाबाईने हाक मारली तशी ती आपणहून जवळ आली. लंकाबाईने तिला छातीशी धरलं, पाठीवरून एकदा हात फिरवला आणि विळी घेतली.

मीठ-मिरची न घालता तिने मटण शिजवलं, निवू दिलं आणि काळीज, मांडीचा तुकडा थाळीत घालून कुत्र्यासमोर ठेवलं. कुत्र्याने हुंगलं. एकदा जीभ लावली आणि तोंड बाजूला घेतलं.

लंकाबाई तिथेच मातीत बसली.

मल्हारी आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. परसात पिसं उडत होती. त्याने पिसं पाहिली, मग थाळी पाहिली.

"कापली?"

"खात नाय ते. सकाळधरनं कायबी खात नाय." तिने थाळीकडे हात केला. "माझं काय खरं नाय आता."

मल्हारीने डबा खाली ठेवला. तो कुत्र्याकडे गेला. ती ओरडणार, तोच कुत्रं उठलं, शेपूट हलवत दोरी ताणून पुढे आलं आणि मल्हारीच्या पायावर डोकं घासायला लागलं. लंकाबाई बघतच राहिली. आठ दिवस तिच्या काठीखेरीज या कुत्र्याजवळ कुणी गेलं नव्हतं.

"पोट फुटस्तोवर खाल्लंय त्यानी," मल्हारी मान खाली घालून म्हणाला. "काल आयतवार. खाटकाकडं छाटण लय उरलेलं. सगळंच घेऊन आलो. पहाटंला घातलं."

"आजच?"

"रोजच. तू नळावर गेली का."

"हातानं?"

त्याने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं.

"आन् चावलं असतं म्हंजे?"

"मेलं असतं ते उपाशी, म्हंजे?" तो एकदम चिडून म्हणाला आणि तोंड फिरवून कुत्र्याची दोरी नीट करत बसला. दोरी नीटच होती.

लंकाबाई उठून चुलीपाशी गेली. पातेल्यात उरलेल्या मटणावर तिने मिरचीची पूड आणि मीठ घातलं, पाणी ओतलं. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. कोंबडी फुकट गेली होती, आईची होती, आणि तरी तिला आठ दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली होती.

मल्हारी दारात येऊन उभा राहिला.

"दोनच दिस राहिले," तो म्हणाला. मग भिंतीकडे बघत, "पोट दुखतं का गं लय?"

"दुखतं," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी पाट मांडला.