विद्याधर दिसेपर्यंत

नलिनीने डेस्कटॉप बसवायला घेतला आणि घराचा जिना गेला. पडला नाही, मोडला नाही, नुसता गेला. दार उघडलं की समोर एकदम खालचं अंगण, आणि अंगणात मान वर करून उभ्या असलेल्या सरूबाई. त्या रोज माईचं अंग पुसायला, तिची कूस बदलायला यायच्या. त्यांनी विचारलं, "ताई, जिना कुटं गेला?" नलिनी म्हणाली, "काढला." सरूबाईंनी जरा वेळ वाट पाहिली, परत बसवला की हाक मारा म्हणाल्या आणि पुढच्या घरच्या कामाला निघून गेल्या.

चूक नलिनीचीच होती, दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. कराडात तिचा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि क्लासात ती पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसवायची. मशीन काही विचारायला लागलं की वाचत बसू नका, वाय दाबून हो म्हणा आणि पुढे चला, नाहीतर तुमची बॅच उरकायची नाही. आता पडद्यावर चांगलं स्वच्छ लिहून आलं होतं, की डेस्कटॉपची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, घरात येतील, त्यांचं जिन्याशी पटत नाही, सबब जिना काढावा लागेल, चालेल का. हिने दाबलं वाय. सवयीचा हात, त्याला कोण आवरणार.

हा सगळा उपद्व्याप माईसाठी चालला होता. माई म्हणजे नलिनीची आई. कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली, कानात ओरडल्याशिवाय ऐकू न येणारी, आणि डोळ्यांना दिसायचं ते टीव्हीएवढं मोठं असेल तरच. त्यात तिने खाणं टाकलं होतं. रुसून वगैरे नव्हे. विद्याला एकदा बघते आणि मग जेवते, एवढंच तिचं म्हणणं. विद्या म्हणजे विद्याधर, नलिनीचा थोरला भाऊ, मेलबर्नला असतो. त्याला यायला सवड नव्हती. मग त्याने काय करावं, तर कुरियरने पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी पाठवून दिली. हा अख्खा कॉम्प्युटर आहे, टीव्हीला जोड, त्यात डेस्कटॉप, म्हणजे अक्षरांऐवजी चित्रं दाखवणारा प्रोग्राम, बसव, मग मी माईला मोठाच्या मोठा दिसेन, असं त्याने फोनवर सांगितलं. सांगायला काय जातं!

डेस्कटॉप बसेपर्यंत टीव्हीवर नुसता काळोख आणि त्यातून वर सरकणारी पांढरी अक्षरं. माई ती अक्षरं टक लावून बघायची. "काय लिहितोय गं विद्या?" तिने विचारलं. नलिनीने तिच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, "जेवून घे म्हणतोय." माईने दोन चमचे पेज घेतली. तिसऱ्याला तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड बघून नलिनी पुन्हा कीबोर्डकडे वळली.

या खेपेला डेस्कटॉप खिडकीवर अडला. त्याला नवी खिडकी हवी होती. घरातली जुनी, आणि नलिनीचं मशीन ज्या साठ्यातून पॅकेजं उतरवायचं त्यात नवी नव्हती. विद्याधर फोनवर म्हणाला, तुझा साठा जुनाट झालाय, माझ्याकडचा जोड. एका घरात दोन ठिकाणचा माल भरायचा नसतो, हे क्लास चालवणाऱ्या बाईला काय ठाऊक नव्हतं? पण शेजारून वाटीभर विरजण आणावं तितक्या सहज तिने भावाच्या साठ्याचा पत्ता मशीनमध्ये आपल्या साठ्याच्या पत्त्याखाली लिहून टाकला. आणि विरजण कधी वाटीपुरतं थांबत नाही, सगळ्या भांड्याला लागतं. खिडकी आली ती स्वयंपाकघर घेऊनच आली.

ते विद्याधरचं स्वयंपाकघर होतं. पांढरं, गार, वास नसलेलं. खिडकीबाहेर त्याचं परसू होतं आणि दोरीवर त्याच्या बायकोचे टॉवेल वाळत होते. फ्रीजवर मुलांच्या पोहण्याच्या वेळा चिकटवलेल्या होत्या. माणूस मात्र कुणी नाही. नलिनीने दोनदा "वहिनी" म्हणून हाक मारून पाहिली. गॅसच्या जागी एक काळी काच होती, ती काही केल्या तापेना. तांदळाच्या कण्यांच्या डब्यात कॉफी निघाली. केलेली पेज तेवढी माईच्या उशाशी वाटीत होती, म्हणून वाचली.

नलिनीने जुनं स्वयंपाकघर परत मागितलं. मशीन म्हणालं, ते बसायला जिना लागतो. जिना मागितला, तर त्याला जुनी खिडकी लागते. जुनी खिडकी मागितली, तर तिचं नव्या स्वयंपाकघराशी पटत नाही, आणि नवं काढायचं तर आधी जुनं हवं. आता घ्या! तिने सगळे उपाय करून पाहिले, फिरून पुन्हा तिथेच. वर मशीनला जागा कमी पडायला लागली. त्याने मधली खोली रिकामी केली, मग ती खोलीच नाहीशी केली, आणि भिंती माईच्या पलंगाच्या दोन्ही अंगांना येऊन टेकल्या. नलिनीला पलंग आणि टीव्ही यांच्या मधे गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. तिला रडू आलं. ती तशीच रडत टाइप करत राहिली.

"नले," माई म्हणाली, "पाय गेले वाटतं."

नलिनीने चादर उचलली. गुडघ्यांच्या खाली गादी सपाट होती. पडद्यावर तसं कळवलेलं होतं. माई जुन्या स्वयंपाकघरावर अवलंबून आहे, ते निघाल्यामुळे माई आता अर्धवट बसलेली आहे.

तिने कानात ओरडून विचारलं, दुखतंय का. माई म्हणाली, छे, उलट ठणका थांबला, तू तुझं चालू दे.

मग मशीनने एक वाट सुचवली. माईला काढलं तर डेस्कटॉप पूर्ण बसेल, बाकी काहीही अडणार नाही.

नलिनीने ते भावाला फोनवर वाचून दाखवलं.

"मग पुढे जा," विद्याधर म्हणाला. "मी दिसायला लागेन."

"कुणाला?"

"तुझा आवाज तुटतोय, नलू."

नलिनीने नकार दाबला. जन्मात पहिल्यांदा. चादर मांड्यांवरही खाली बसत चालली होती. मग दुसरी वाट आली, आणि ती नलिनीने सावकाश, अक्षर न अक्षर वाचली. माई संपूर्ण राहील. डेस्कटॉपही बसेल. माईला उशाशी एक मूल लागतं. सध्या त्या जागी नलिनी आहे. डेस्कटॉपसोबत विद्याधर येतो, तोही त्याच जागी बसतो. त्या जागेवर दोघं राहू शकत नाहीत. सबब नलिनी काढली जाईल.

आधी तिला संताप आला. उशाशी बसून आयुष्य कुणी काढलं, आलेली स्थळं कुणी परत पाठवली, आणि आता हा येणार त्या जागी, तोही चित्रातून! मग संताप ओसरला आणि नुसती भीती उरली. माईला हाताने चमचा धरवत नव्हता.

"दादा, तू पेज भरवशील ना?"

"मी दिसणार आहे ना तिला."

"भरवशील का, ते सांग."

"अगं, मी दिसलो की ती आपणहून खाईल."

चादर माईच्या कमरेपर्यंत सपाट झाली होती. माई टीव्हीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर लग्नघरात पाहुण्यांची गाडी येताना बघणाऱ्या बाईसारखी घाई होती. नलिनीने वाटी मांडीवर घेतली, चमचा भरला, तो माईच्या ओठांशी धरला आणि मोकळ्या हाताने होकार दाबला.

टीव्ही निळा झाला. मग त्यात एक खिडकी उघडली आणि खिडकीत विद्याधर, भिंतीएवढा, टक्कल पडलेला, हसत असलेला. चादरीखाली माईची कमर भरून आली, मग गुडघे, मग पावलं. दूर कुठेतरी सरूबाईंच्या चपला जिन्यावर वाजतायत असं नलिनीला वाटलं, पण नाही, घराला जिना नव्हता.

"आला गं," माई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नले, वाढ आता. भूक लागली मला."

नलिनीला हो म्हणायचं होतं. चमचा ओठांशी होता, तो धरणारा हात नव्हता. चमचा पडला, पेज चादरीवर सांडली. टीव्हीवर विद्याधर हात हलवत होता. माईने त्याच्यावरची नजर न काढता तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवलं.