अहल्याकाकूंचं वॉरंट

साक्षीदार दोन जातींचे असतात. एकांना काहीच ठाऊक नसतं आणि बोलायची दांडगी हौस असते. दुसऱ्यांना सगळं ठाऊक असतं आणि ऐन तारखेला त्यांची कंबर धरते. बडोद्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करून करून माझं हे मत पक्कं झालं आहे. अहल्याकाकू दुसऱ्या जातीच्या. आणि मला राग फार लवकर येतो, हेही आधीच सांगून ठेवते.

दावा दुर्गामावशींचा होता. पाणीगेटच्या आत आमच्या जुन्या गल्लीत त्यांचं घर आहे, पण रस्त्यावर नाही, मागच्या अंगाला. रस्त्यावर घर शरच्चंद्रकाकांचं. त्यांच्या भिंतीला लागून एक बोळ आत जातो, तो थेट मावशींच्या ओट्यापाशी संपतो. माझ्या लहानपणापासून मावशींकडे जायचं म्हणजे या बोळातून. एकदा मावशींना दवाखान्यात न्यायला आलेली रिक्षा बोळात शिरली आणि तिने काकांची मोगऱ्याची कुंडी फोडली. काका बोलले, मावशीही बोलल्या. मावशींची जीभ काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडावर लोखंडी दार आणि त्याला कुलूप.

कुंडीवरून कुणी कुलूप लावतं का? लावतं. माणूस निवृत्त झाला, मुलगा कोयलीच्या रिफायनरीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला आणि घरात हुकूम सोडायला कुणी उरलं नाही, की कुंडीचंसुद्धा कुरुक्षेत्र होतं.

मावशींना दुसरी वाट होती, मागच्या गटाराच्या बोळातून. तिथल्या पायऱ्या तुटलेल्या. त्यातच त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि हातात वॉकर आला. तेव्हापासून मावशी घराबाहेर पडल्या नव्हत्या. ना देऊळ, ना भाजी, ना कुणाकडे बारसं. त्यांचे यजमान माधवराव चार वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. ओट्यावर बसून त्या दाराच्या गजांतून रस्त्यावरची माणसं बघायच्या. मला म्हणाल्या, "निरू, पिंजऱ्यातला पोपट तरी बरा, त्याला कुणी मिरची आणून देतं." मी दावा लावला.

कायदा सोपा आहे. वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता, कुणाची परवानगी न मागता वापरलेली वाट तुमच्या हक्काची होते. सगळी मेख परवानगीत असते. काकांचे वकील दीनानाथ मोठे हुशार. त्यांनी काकांच्या सहीने शपथेवर लिहून दिलं, की या बोळातून जो कोणी गेला तो शरच्चंद्रांची तोंडी परवानगी मागूनच गेला, आणि ती ते शेजारधर्म म्हणून देत आले. म्हणजे वाट हक्काची नाही, मेहेरबानीची.

हे खोटं ठरवायला गल्लीतलं जुनं माणूस हवं होतं. गल्लीत जुनं माणूस उरलंय कुठे? काही देवाघरी, काही शहराच्या टोकाला वासण्याच्या फ्लॅटांत. माझी आई होती, पण वकिलाच्या घरची साक्ष दीनानाथांनी उडवून लावली असती. वासण्याला मी चार घरं फिरले. सगळ्यांनी चहा दिला, साक्ष कुणी दिली नाही. उरल्या एकट्या अहल्याकाकू. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बोळातच उघडते. पण त्या शरच्चंद्रकाकांच्या बायको.

मी गेले तेव्हा काका आत झोपले होते आणि काकू वाल सोलत होत्या.

"काकू, तुम्ही फक्त खरं सांगायचं."

"खरं सांगायला कोर्टात कशाला जायला हवं? इथेच सांगते ने. बोळ सगळ्यांचा होता. झालं? चहा घेतेस?" काकूंच्या 'ना'चा बडोद्यात कधीच 'ने' झाला होता.

"इथे सांगून चालत नाही, काकू."

"मग नाही सांगत." त्यांनी एक वाल चिमटीत दाबून बाहेर काढला. "हे बघ निरू, मला रोज यांच्यासमोर ताट मांडायचं असतं. स्वतःच्या पायांनी मी कोर्टाची पायरी चढणार नाही. कधीच नाही."

निघताना त्यांनी सकाळीच केलेल्या वालाच्या बिरड्याचा डबा माझ्या हातात दिला. "दुर्गाला दे. मागच्या बोळातून जपून जा, पायऱ्या वाईट आहेत."

मला असा संताप आला! बिरडं पोचवायला मी, गटार ओलांडायला मी, आणि काकू घरात बसून पतिव्रता. डबा मी पोचवला. मावशींनी तो उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "गूळ जरा कमी पडलाय तिचा. काळजीत आहे वाटतं." मला त्यात काही कळलं नाही. मी रागात होते.

मी समन्सचा अर्ज दिला. दीनानाथ उठून म्हणाले, नवऱ्याविरुद्ध बायकोला साक्षीला ओढणं हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. न्यायाधीशसाहेबांनी शांतपणे सांगितलं, की नवराबायकोत एकमेकांत जे बोलणं झालं ते विचारता येणार नाही. पण खिडकीतून जे दिसलं ते दिसलं. समन्स निघालं.

कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन घरी गेला. काकांनी दारातूनच सांगितलं, "ती पुण्याला गेली आहे." तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, कोण आलंय?" आणि काकू पदराला हात पुसत बाहेर येऊन सही करून गेल्या. तारखेला मात्र आल्या नाहीत. पुढच्या तारखेलाही नाहीत, निरोप नाही, कारण नाही.

मग मी वॉरंट मागितलं. साहेबांनी जामीनपात्र वॉरंट दिलं. त्या संध्याकाळी आईने मला जेवायला वाढलं. भात वाढताना तिला राहवेना, म्हणाली, "जिने तुला मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवल्या, तिच्यावर पोलीस धाडतेस?" मला वाईट वाटलं. राग होताच, पण वाईटही वाटलं.

तारखेच्या सकाळी नयनाबेन नावाच्या हवालदार वॉरंट घेऊन गेल्या. पुढचं त्यांनीच मला कोर्टाच्या व्हरांड्यात हसत हसत सांगितलं. काकू नारायणपेठी नेसून, केसांत अबोली माळून खुर्चीवर बसल्या होत्या. टेबलावर काकांचं ताट झाकलेलं, शेजारी ताकाचं भांडं. म्हणाल्या, "आवो बेन, बहु मोडुं कर्युं. फार उशीर केलात. वॉरंट आणलंय ने? आधी यांना वाचून दाखवा." नयनाबेननी वाचून दाखवलं. काकांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. मग त्यांनी कोट चढवला आणि काकूंना न्यायला आणलेल्या रिक्षात तेही बसले. जेवण तसंच झाकलेलं राहिलं.

पिंजऱ्यात उभ्या राहून काकूंनी शपथ घेतली. मी विचारलं, बोळातून कोण जायचं? त्या म्हणाल्या, सगळे. दूधवाला, मोलकरीण, पोस्टमन, दुर्गा, माधवराव, त्यांचे पाहुणे. ठीक चाललं होतं. मग दीनानाथ उठले.

"पण बाई, हे सगळे तुमच्या यजमानांची परवानगी मागून जात होते ना?"

काकूंनी विचार केला. "दूधवाला यांना 'केम छो' म्हणायचा. ती परवानगी असेल तर असेल बुवा."

दावा बुडाला, असं मला वाटलं. दीनानाथ खुलले. इथे त्यांनी बसायला हवं होतं, पण हुशार माणसाला बसवत नाही.

"आणि दुर्गाबाई? त्या तर विचारूनच जात असतील!"

"रोजचं मला शपथेवर नाही सांगता येणार," काकू म्हणाल्या. "पण गौरींच्या दिवशी नाही विचारायची."

"का?"

"अहो, विचारणार कशी? आमच्या दोन्ही घरी खड्यांच्या गौरी. चौकातल्या विहिरीवरून खडे आणायचे. खडे हातात घेतले की घरात पाटावर ठेवीपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. दुर्गा दर वर्षी तशीच मुक्याने या बोळातून आत गेली. माधवराव गेल्यावर तिच्याही गौरी मी आणायला लागले, मीही मुक्यानेच गेले."

न्यायाधीश गुजराती. त्यांना हे नवीन होतं. परवानगी कुणी मागतच नव्हतं का, असं त्यांनी पुढे झुकून विचारलं. "एटले बेन, रजा कोई मागतुं ज नहोतुं?"

"मूंगे मोढे रजा कोण मागे, साहेब?"

"अने मालिक रोकता नहोता?" मालक अडवत नव्हते का, असं त्यांनी विचारलं.

"ते कसे अडवतील?" काकूंनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथे काका बसले होते. "गौरींच्या पुढे घंटा वाजवत तेच असायचे ने. आधी आमच्या घरी, मग बोळातून दुर्गाच्या दारापर्यंत. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. गेल्या वर्षी कुलूप होतं. गेल्या वर्षी दुर्गाच्या घरी गौरी आल्या नाहीत." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दीनानाथ बसले.

साहेबांनी एकच विचारलं, की एवढंच सांगायचं होतं तर दोन तारखा का चुकवल्या? काकू म्हणाल्या, "साहेब, आपणहून आले असते तर नवऱ्याविरुद्ध गेले असते. तुम्ही धरून आणलंत, मग कोण काय बोलणार? मी तर वाटच बघत होते." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला जरा उशिरा समजतं."

सगळा राग एका क्षणात उतरला आणि मी भर कोर्टात मूर्खासारखी हसत उभी राहिले.

निकालाची तारीख गणपतीनंतरची पडली. तोवर कुलूप होतं तिथेच होतं. काका एक शब्द बोलले नव्हते, घरातही नाही, असं काकूंकडून कळलं. ताट मात्र रोज मांडलं जात होतं आणि रोज संपत होतं.

गौरींच्या दिवशी मी मावशींकडे थांबले. त्या वॉकर धरून ओट्यावर उभ्या, मी शेजारी दूधपाण्याचा तांब्या घेऊन. चौकातून घंटा ऐकू आली. काकांच्या घरात शिरली आणि थांबली. मावशी म्हणाल्या, "झालं. आता नाही यायची." पण घंटा पुन्हा वाजू लागली आणि बोळाच्या तोंडाशी आली.

गजांपलीकडे काका उभे, उघड्या अंगाने, सोवळं नेसलेले, हातात घंटा. मागे काकू, हातात ताम्हन, ताम्हनात खडे. ओठ मिटलेले. मधे कुलूप. घंटा थांबली.

"अगं, आता काय?" काका म्हणाले.

काकू बोलल्या नाहीत. बोलता येत नव्हतं. मागे फिरताही येत नव्हतं, कारण गौरी घेऊन कुणी मागे फिरत नाही.

"निकाल लागायचाय अजून," काका म्हणाले. काकू खड्यांकडे बघत उभ्या. रस्त्यावरची माणसं थांबली. कुलपाची किल्ली काका जानव्याला बांधतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि आज अंगात सदरा नव्हता. किल्ली त्यांच्या पोटावर सगळ्यांना दिसत होती.

काकांनी घंटा काखेत धरली. किल्लीचा दोरा आखूड, म्हणून कुलपापर्यंत पोचायला त्यांना पार कमरेत वाकावं लागलं. कुलूप गंजलं होतं, त्यामुळे बराच वेळ वाकावं लागलं. मग दार करकरत उघडलं आणि काका घंटा वाजवत मावशींच्या दारापर्यंत आले. अगदी पूर्वीसारखे, छाती काढून.

मी काकूंच्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं. खडे पाटावर बसले. काकूंनी मोठा श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "दुर्गा, माझा बिरड्याचा डबा कुठाय?"

"देते. गूळ कमी होता," मावशी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

परत जाताना काकांनी सवयीने दार ओढलं, कुलूप कडीत अडकवलं आणि किल्लीला हात घातला. मागे काकू येत होत्या. ताम्हन रिकामं होतं, आता त्या बोलू शकत होत्या. हे काकांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी कुलूप काढून हातात घेतलं आणि निमूटपणे जेवायला घरी गेले.